तबकडीची साक्ष

वसईच्या गावांत नुसतं आडनाव सांगून माणूस सापडत नाही. एका आळीत सगळेच डिमेलो, तर पलीकडच्या आळीत सगळेच लोपीस. म्हणून गावानं घराघराला एकेक टोपणनाव चिकटवून ठेवलेलं असतं. कुणाचा आजा चर्चची घंटा वाजवायचा, तर त्याचं अख्खं खानदान घंटेवाले. कुणाची आजी एकदा बोरीवरून पडली, तर तिची नातवंडंही बोरवाली, मग त्यांनी बोर तोंडात घातलेलं असो वा नसो. होळी बाजाराजवळच्या आळीत राहणाऱ्या ॲन्सेल्म डिमेलोच्या वाट्याला मात्र जगावेगळं नाव आलं होतं. त्याला सगळे तबकडी म्हणत. पोस्टमनसुद्धा सायकल टेकवून विचारायचा, "तबकडी घरात हाय का?"

ते नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं होतं. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई चालू होती. रोज संध्याकाळी ब्लॅकआऊट असे आणि खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले असत. ॲन्सेल्म केळीला पाणी सोडून रहाटापाशी उभा होता. अंधारून आलेलं. रहाट ओढणारा ढवळ्या बैल आपणहून थांबला आणि त्यानं मान पश्चिमेला वळवली. बैलाला हाकारायला ॲन्सेल्मनं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. कळंबच्या दर्याच्या बाजूला, माडांच्या शेंड्यांवर, एक गोल उजेड टांगल्यासारखा स्थिर उभा होता. विमान म्हणावं तर घरघर नाही, चंद्र म्हणावं तर तो भलत्या जागी. बघता बघता तो उजेड आडवा सरकला आणि दिसेनासा झाला.

शहाणा माणूस गप्प बसला असता. ॲन्सेल्म हातात पेटता कंदील घेऊन "उजेड! उजेड!" करत आळीभर धावला, तेही ब्लॅकआऊटमध्ये. पहाऱ्यावरच्या पोरांनी आधी त्याचा कंदील विझवला आणि मग त्याला फैलावर घेतलं. "आणखी कोणी बगितला?" असं विचारल्यावर त्यानं खरं ते सांगितलं, "ढवळ्यानं." झालं! गावाला हसायला तेवढं पुरलं.

गावाचं हसणं ॲन्सेल्मनं पचवलं. त्याला पचली नाही ती त्याच्या बायकोची चुप्पी. फ्लॉसी तेव्हा नंदाखालला माहेरी होती, तिच्या आईचा पाय मोडला होता म्हणून. परत आली तेव्हा विहिरीवरच्या बायांनी तिला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. घरात येऊन तिनं एवढंच विचारलं, "नीट जेवलात ना?" ती हसली नाही, चिडली नाही, आणि काय पाहिलंत हेही तिनं कधी विचारलं नाही. आज विचारेल, उद्या विचारेल, म्हणून ॲन्सेल्म वाट बघत राहिला. वर्षं गेली, रहाटाच्या जागी पंप आला, ढवळ्या म्हातारा होऊन मेला. एकुलता एक साक्षीदारही गेला.

फ्लॉसी होतीच तशी मोजून बोलणारी. वसईच्या बाजारात भाजी विकताना तिचा काटा नेहमी गिऱ्हाइकाकडे झुकलेला असे. खोटं बोलणं तिच्या घशाखाली उतरत नसे. दर शनिवारी कुमसारला, म्हणजे फादरांपुढे पापं सांगायला जाताना पाप कुठून आणावं हाच तिच्यापुढे प्रश्न असायचा. उपासात एक सुकेळं, म्हणजे वाळवलेलं केळं, खाल्लं, हे तिचं त्यातल्या त्यात मोठं पाप.

चौऱ्याऐंशी साली क्लेमेंटीनच्या मुलानं बहारीनहून रंगीत टीव्ही पाठवला. क्लेमेंटीन आळीतली सगळ्यांत वडीलधारी विधवा, आणि तिचा ओटाही आळीत सगळ्यांत लांबरुंद. टीव्ही खिडकीत ठेवून त्याचं तोंड ओट्याकडे केलं की अख्खी आळी मावत असे. पण नेमका उपासकाळ लागला. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस मटण बंद, लग्नं बंद. क्लेमेंटीननं सिनेमा आणि गाणीही बंद केली आणि टीव्हीवर भरतकामाचं कापड टाकलं. देवानं दिलं आणि म्हातारीनं नेलं, अशी आळीची गत झाली.

सुटका केली ती गुरुदत्त मास्तरांनी. मास्तर शेजारच्या वाडीतले, सोपाऱ्याच्या शाळेत शिकवायचे आणि इंग्रजी वर्तमानपत्र वाचायचे. त्यांनी बातमी आणली, की दर मंगळवारी टीव्हीवर एक परदेशी मालिका लागते. देशोदेशीच्या लोकांनी पाहिलेल्या उडत्या तबकड्यांचा त्यात तपास करतात. क्लेमेंटीननं कसून चौकशी केली. नाच नाही? गाणं नाही? उघडीवाघडी बाई नाही? मग तिनं निकाल दिला, "हे ज्ञान हाय. ज्ञानाला उपास नाय लागत." आणि संध्याकाळची रोझरीची प्रार्थना संपल्याबरोबर टीव्हीवरचं कापड निघालं.

काय ते मंगळवार होते! मास्तर इंग्रजीचं मराठी करून सांगायचे; निवेदकाचं एक वाक्य झालं की मास्तरांची चार होत. पण खरा कार्यक्रम सुरू व्हायचा तो टीव्ही बंद झाल्यावर. शेजारची कार्मिन म्हणायची, शोधायची गरजच नाही. ते शुद्धिस्थानातले आत्मे आहेत, वाट चुकलेत, त्यांच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगा. मास्तर म्हणायचे, विश्व अफाट आहे, शक्यता नाकारता येत नाही. क्लेमेंटीनचं म्हणणं एकच, एवढ्या लांबून कुणी आलं तर त्याला आधी जेवायला घालायला हवं, हे गोरे लोक नुसते फोटो काढत बसतात. आज घराघरात टीव्ही आहे आणि दारं लावलेली आहेत. कार्यक्रम ढीगभर झाले, पण संपल्यावर ओट्यावर बसून मत द्यायला कुणी उरलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

पहिल्याच मंगळवारी एक अमेरिकन शेतकरी दाखवला. संध्याकाळी शेतात असताना त्याला गोल उजेड दिसला होता, आणि त्याच्या आधी त्याच्या गायीनं मान वर केली होती. ओट्यावरच्या सगळ्या माना ॲन्सेल्मकडे वळल्या. "अगो बाय, ढवळ्या!" कार्मिन ओरडली. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "साक्ष जुळते बरं का." पुढच्या मंगळवारी ॲन्सेल्मला मास्तरांच्या बाजूला खुर्ची मिळाली. प्रत्येक तपासानंतर "तबकडी, तुमचं काय मत?" असं लोक विचारू लागले, आणि त्यात टिंगल नव्हती. ॲन्सेल्म दाढी करून, धुतलेला सदरा घालून येऊ लागला. फ्लॉसी ओट्याच्या कडेला मेथीच्या जुड्या बांधत बसे आणि टीव्हीपेक्षा नवऱ्याकडेच जास्त बघे.

शेवटच्या मंगळवारी मात्र घात झाला. चष्मेवाले शास्त्रज्ञ ओळीनं येऊन बसले आणि त्यांनी एकेक तबकडी फोडली. ही शुक्राची चांदणी होती, तो हवामानखात्याचा फुगा होता, ते विमानाचे दिवे होते. शेतकऱ्याला भास झाला होता आणि गाय काय, मान वर करतच असते. मास्तरांचा आवाज सांगता सांगता बारीक झाला. टीव्ही बंद झाला. कुणीतरी मागून हळूच हंबरलं आणि अख्खा ओटा खो खो हसला. ॲन्सेल्मनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"मी पन बगितला व्हता."

मेथीची जुडी हातात धरून फ्लॉसी उभी होती. "त्या दिवशी मी विहिरीवर कपडे पिळत व्हते. गोल व्हता. मी यांच्यासारखी बोंबलत गेले नाय, एवढंच."

फ्लॉसी खोटं बोलत नाही, हे आळीतल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. मास्तरांनी घसा साफ केला. "पण फ्लॉसीबाई, इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुनी विचारलं?" असं म्हणून तिनं मेथी टोपलीत टाकली आणि ती घरी निघाली.

ॲन्सेल्म मागोमाग निघाला. बारा वर्षांत विहिरीवरच्या बायाही विसरल्या असतील, पण फ्लॉसी त्या दिवशी नंदाखालला होती, हे त्याला पक्कं माहीत होतं.

रविवारी मिस्साच्या वेळी ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे रांगेत उठले. फ्लॉसी बाकावरच बसून राहिली. दुसऱ्या रविवारीही तसंच. ख्रिस्तप्रसाद न घेता बसलेलं माणूस म्हणजे पोटात पाप लपवलेलं माणूस, आणि ते सगळ्या गावाला दिसतं. फ्लॉसीनं असं काय केलं असेल, याची विहिरीवर कुजबुज सुरू झाली. शेवटी वाडीत अळू कापताना ॲन्सेल्मनं तिला विचारलंच.

"गेले व्हते कुमसारला," ती म्हणाली. "फादरना सांगितलं, खोटं बोलले. फादर म्हनाले, पस्तावा होतो का? मी म्हटलं, नाय. पस्तावा नाय तर माफी नाय, आनि माफी नाय तर ख्रिस्तप्रसाद नाय. आता माफीसाठी आनखी एक खोटं बोलू?"

"पन तू बगितलाच नाय, फ्लॉसी."

"बैलाची साक्ष चालली तुमाला. माझी नाय चालत?"

ॲन्सेल्म पुन्हा अळू कापू लागला. पण ईस्टर तोंडावर आला होता, आणि ईस्टरला फ्लॉसी एकटी बाकावर बसलेली त्याला बघवणार नव्हती. पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी, मालिका संपलेली असूनही, सवयीनं लोक क्लेमेंटीनच्या ओट्यावर जमले. ॲन्सेल्म उभा राहिला. म्हणाला, "त्या दिवशी फ्लॉसी माहेरी व्हती. माझी लाज राखायला बोलली ती. आनि मी पन काय बगितलं नाय. शुक्र व्हता तो. टीव्हीवाले खरं बोलले." तबकडीच नव्हती तर तिच्यासाठी खोटं बोलण्यात अर्थ तो काय, मग फ्लॉसीला पस्तावणं सोपं जाईल, असा त्याचा साधा हिशेब होता. हसायला मिळालं तरी कुणी हसलं नाही. क्लेमेंटीननं टीव्हीवरचं कापड उगाचच सारखं केलं.

फ्लॉसीच्या कानावर गेल्यावर ती कडाडली. "तुमी बगितला व्हता ना?"

"व्हता."

"मग नाय का म्हनालात? माझी एवढी अब्रू गेली ती फुकटच?" मग ती म्हणाली, "आता तुमीबी खोटं बोललात. शनवारी चला कुमसारला."

शनिवारी ॲन्सेल्म कुमसारहून बाहेर आला तेव्हा ती चर्चच्या दाराशी उभी होती. "फादरनी विचारलं, पस्तावा होतो का?"

"विचारलं."

"मग?"

"मी म्हटलं, नाय."

फ्लॉसीनं पदर तोंडाला लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला एवढं हसताना ॲन्सेल्मनं पाहिलं नव्हतं.

ईस्टरच्या सकाळी चर्च फुलून गेलं होतं. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली आणि बाकांमागून बाकं रिकामी होऊ लागली. कार्मिन गेली, क्लेमेंटीन काठी टेकत गेली. जाता-येता सगळे त्या दोघांकडे बघत होते. पुढच्या बाकांवर कुणी नाही, मागच्या बाकांवर कुणी नाही, मधोमध ॲन्सेल्म आणि फ्लॉसी बसलेले. त्याला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त सुख वाटत होतं. फ्लॉसी त्याच्याजवळ सरकली.

"ऐकलं का," ती पुटपुटली, "कसा व्हता ओ तो?"

बाकी सगळे रांगेत पुढे सरकत होते. त्यानं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी पहिल्यापासून, ढवळ्या थांबला तिथपासून, तो तिला सांगू लागला.