सर्वात वेगवान फेरीचे लिमये

शर्यत कोण जिंकलं हे लिमयांना सांगितलेलं आवडत नसे. "पहिला कोण आला ते पेपरात येतं, कुलकर्णी. सर्वात वेगवान फेरी कोणत्या टीमने मारली ते बोला." मोटारींच्या शर्यतीत गाड्या त्याच रस्त्यावर पन्नास-साठ फेऱ्या मारतात, त्यातली एक सर्वांत कमी वेळात होते, आणि ती कोणत्या टीमच्या गाडीची असेल यावर आयर्लंडमध्ये रीतसर पैज लावता येते, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मी पगारपत्रकं करणारा माणूस. असली माहिती माझ्याकडे आपणहून येत नाही.

आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनला आमच्या दोन घरांच्या मध्ये एक लाकडी कुंपण होतं. २०२० च्या उन्हाळ्यात लोक एकमेकांना बागेतच भेटत, म्हणून लिमये आपल्या बागेत टॅब घेऊन बसत, मी माझ्या बागेत. शेवटच्या फेऱ्या आल्या की ते उठून उभे राहत आणि गाड्यांना मराठीतून सूचना देत. वरच्या खिडकीतून त्यांची ईशा ओरडे, "बाबा, स्टॉप! आय'म मॉर्टिफाइड!"

क्लोनडॉकिनच्या एका औषधांच्या कारखान्यात ते गुणवत्ता विभागात होते. त्यांची सही झाल्याशिवाय गोळ्यांचा एकही ट्रक गेटबाहेर पडत नाही, हे ते दर भेटीत सांगत. एकाने केलं की दुसऱ्याने तपासायचं, हा तिथला नियम त्यांनी पैजेलाही लावला होता. शुक्रवारपासून सरावाच्या वेळा, टायर, वारा यांचा अभ्यास चाले. शनिवारी तो कुंपणावरून मला ऐकवला जाई. मी सरासऱ्या तपासून "बरोबर" म्हटलं की ते फोनवरून पैज लावत. दोन युरोंची.

"एवढ्या अभ्यासावर दोन युरो?" मी एकदा विचारलं.

"मी जुगारी नाही, कुलकर्णी. मी पडताळणी करतो."

पहिल्या वर्षाच्या पडताळणीतून जे शिल्लक राहिलं त्यात आमची दोघांची कॉफी आली असती. बिस्किटं आली नसती. पैज गेली की ते "हरलो" म्हणत नसत. कारखान्यातल्या भाषेत "डेव्हिएशन आहे," म्हणत आणि कारण शोधायला बसत. कारण कधी पावसात सापडे, कधी ड्रायव्हरमध्ये. लिमयांमध्ये ते एकदाही सापडलं नाही.

२०२१ च्या शेवटी शेवटी मंजिरीवहिनींना पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेहून बोलावणं आलं. हृदयासाठीची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा. वहिनींना जायचं होतं. लिमयांना नव्हतं. गॉलवेला पाऊस फार, ईशाची शाळा, इथून स्टेशन जवळ, अशी कारणं ते सांगत. खरं कारण मला दिसत होतं. गॉलवेत त्यांच्या सहीसाठी एकही ट्रक थांबणार नव्हता. पण बायकोला सरळ "नको" म्हणायची त्यांची छाती नव्हती आणि "हो" म्हणायची तयारी नव्हती. तेव्हा त्यांनी जो मार्ग काढला तो फक्त लिमयेच काढू शकत होते.

"रविवारच्या शर्यतीवर ठरवू," ते म्हणाले. "मी एक टीम सांगतो, तू एक सांग. माझ्या टीमने वेगवान फेरी मारली तर इथेच राहायचं. तुझ्या टीमने मारली तर गॉलवे. कुलकर्णी तपासतील."

मला वाटलं, वहिनी लाटणं फेकतील. त्या म्हणाल्या, "चालेल."

लिमयांनी निळी टीम घेतली. त्या वर्षी निळ्यांची एक गाडी कुणाला आवरत नव्हती. वहिनींनी काळी घेतली. प्रत्येक टीमच्या दोन गाड्या धावतात.

"अगं, काळ्यांचा पहिला ड्रायव्हर इथे मागे पडणार आहे. सगळे आकडे सांगतात."

"मी दुसऱ्याच्या भरवशावर घेतेय."

"दुसरा? तो काय करणार?"

"अहो, इतकी वर्षं मी दुसरी गाडीच आहे. मला कळतं तो काय करतो ते."

एव्हाना निर्बंध सैल झाले होते, म्हणून शर्यत लिमयांच्या दिवाणखान्यात पाहिली. काळ्यांच्या दुसऱ्या ड्रायव्हरला पहिल्याच वळणावर मागून धक्का बसला, गाडी गरकन फिरली आणि पार मागे गेली. लिमयांनी दिवाळीचा उरलेला चिवडा काढला. निळी गाडी सर्वांत पुढे होती, वेगवान फेरीही तिचीच होती. शेवटच्या थोड्या फेऱ्या उरल्या आणि ती मागे पडलेली काळी गाडी टायर बदलायला आत आली.

"वेडा आहे का हा?" लिमये ओरडले. "पंधरावा आहे! पहिल्या दहात नसलेल्याला वेगवान फेरीचा जादा गुणसुद्धा मिळत नाही!"

"त्याला नकोच आहे," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या जोडीदाराला निळ्यांशी झगडायचंय. निळ्यांचा तो गुण हा काढून घेणार."

कोऱ्या टायरांवर गाडी सुटली. पडद्यावर तिच्या नावापुढे जांभळा आकडा आला, म्हणजे सर्वांत वेगवान. लिमयांची मूठ चिवड्यातच राहिली.

मग ते माझ्याकडे वळले. "बाद! गुण नाही, तर फेरी कसली? कुलकर्णी, तपासा."

मी काय म्हणावं ते त्यांच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. "बाद" म्हटलं असतं तर माझे शेजारी राहिले असते. संध्याकाळी शेजारच्या लुकनपर्यंत चालायला सोबत राहिली असती. वहिनी माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या चिवड्याचा डबा बंद करत होत्या.

"लिमये," मी म्हटलं, "याच उन्हाळ्यात तुम्ही एक पैज जिंकलात. ती गाडीसुद्धा पहिल्या दहात नव्हती. पैसे फेरीचे मिळतात, गुणाचे नाही, हे तुम्हीच मला समजावलं होतं. फेरी काळ्यांची."

मग ईशा सोफ्यावरून म्हणाली, "सो, गॉलवे? ग्रँड."

लिमये आठवडाभर कुंपणाशी आले नाहीत.

नाताळच्या सुट्टीत ते गेले. सामानाची व्हॅन पुढे गेली होती. मागच्या सीटवर ईशा कानांत हेडफोन घालून बसली होती. लिमये पुढे, मांडीवर देवांची पेटी घेऊन. मी खिडकीशी वाकलो.

"तुम्ही 'जरा तपासून सांगतो' म्हणाला असतात तरी चाललं असतं, कुलकर्णी," ते हळूच म्हणाले. "आठवडा निघाला असता."

"आठवडा निघून काय झालं असतं?"

"पुढच्या रविवारी आणखी एक शर्यत होती."

"पट्टा लावा," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी गाडी सुरू केली.