बॅट तर टेकवली होती!

चहा घ्या आधी. त्या दिवशी मी जे केलं त्यावर हसायचं की गप्प बसायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हीच ठरवा.

नव्वदीची अखेर. बालाघाटला कॉलेजात होतो. क्रिकेटमध्ये माझं नाव होतं हो! सलामीला जायचो आणि बाद व्हायचो नाही. धावाही व्हायच्या नाहीत, पण ते सोडा. तर बेसबॉलच्या संघात एक गडी कमी पडला आणि कप्तान दिलीप माझ्या दारात उभा. किरनापूरचा, शेतकऱ्याचा पोरगा, कॉलेजचं शेवटचं वर्ष. वारासिवनीच्या संघाला हरवलं तर जबलपूरला खेळायला मिळणार होतं. तिथं खेळला, तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर लागायची आशा. बिचाऱ्याला ती एकच आशा होती.

"तुले बॅट धरता येते ना? मंग झालं!" तो म्हणाला.

कसलं झालं! संघाला शिकवणारे राहांगडाले सर चेंडू टाकायचे आणि मी डावा पाय पुढे काढून, कोपर वर करून वाट बघत बसायचो. कशाची? टप्प्याची!

"अरे, टप्पे का इंतजार मत कर!" सर ओरडायचे. "टप्पा पडतच नाही यात. बॉल त्याच्या हातातून सुटला का पाहून घे, अन् कंबर फिरव. कंबर! हात मागून येतेत आपोआप."

एकदा मला फार देखणा बचाव जमला. चेंडू पायाशीच मेला. मी समाधानानं बॅटनं जमीन ठोकायला वाकलो, तर सगळा संघ ओरडतोय, "भाग! भाग!" आता बचाव करून कोणी पळतं का? यात पळतात म्हणे! नाजूक लेट कट मारला, तर मागे गेला म्हणून तो फाउल. रडू यायचंच बाकी होतं. पण हळूहळू कंबर फिरायला लागली आणि सरांनी ओरडणं थांबवलं. पळायचं कसं, ते मात्र कोणी शिकवलं नाही. पळणं काय शिकवायचं?

सामना आमच्याच मैदानावर. दिलीपचे बाबा मुद्दाम बसनं आले होते. शेवटचा डाव, दोन्ही संघांची बरोबरी, आमचे दोन बाद (यात तिसऱ्याला डाव संपतो), दिलीप तिसऱ्या बेसवर, चौकोनाच्या शेवटच्या कोपऱ्यात. मी चेंडू मारून पहिला बेस गाठायचा, तोवर दिलीप धावत आत येणार आणि आम्ही जबलपूरला!

चेंडू सुटला. मी टप्प्याची वाट पाहिली नाही. कंबर फिरली आणि असा आवाज आला म्हणता! चेंडू त्यांच्या दोन गड्यांच्या मधून लांब गेला. मी सुसाट निघालो, बॅट घेऊन. पहिला बेस आला. मी वाकलो, हात लांब केला, बॅटचं टोक बेसला टेकवलं आणि गर्रकन वळून दुसऱ्या धावेसाठी परत निघालो!

बघणारेही सगळे क्रिकेटवालेच. "दुसरी ले ले! दुसरी!"

समोर दिलीप आत पोचला होता. दोन्ही हात वर करून नाचत होता. मग त्यानं मला उलटं येताना पाहिलं आणि त्याचे हात हळूहळू खाली आले.

माझ्या पाठीमागे त्यांच्या एका गड्यानं लांबून फेकलेला चेंडू आरामात घेतला आणि पहिल्या बेसवर पाय ठेवला. मी बाद. आणि मारणाराच पहिल्या बेसआधी तिसरा बाद झाला, की आत आलेली धावही धरत नाहीत.

"बॅट टेकवली ना, साहेब!" मी पंचांना म्हणालो.

"और पैर?" पंच म्हणाले.

मी पायाकडे बघितलं. तो काय बोलणार?

तेवढ्यात दिलीपचे बाबा मैदानात घुसले. जन्मभर रेडिओवर क्रिकेट ऐकलेला माणूस! "म्या माह्या डोयानं पाह्यलं! पोरानं बॅट टेकवलती! पंच खोटा आहे!" सरांनी त्यांना कसंबसं बाजूला नेलं. जादा डावात वारासिवनीनं सामना नेला.

दिलीप कडेला बसून होता. मी जाऊन शेजारी बसलो. मला फार वाईट वाटत होतं. एवढ्यात बाबांनी पिशवीतून डबा काढला. जिंकल्यावर वाटायला आणलेले लाडू होते. पहिला माझ्या हातावर ठेवला आणि डोळे पुसले.

"खा, पोरा. तुह्यावर लय अन्याय झाला."

दिलीपनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता तरी सांग त्यांना, असं ते बघणं होतं. आणि देवाशपथ, मी सांगणारच होतो हो! पण तोंडात लाडू होता.