मागचा शाफ्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ईरण्णालाही ओळखत नाही.

ईरण्णा आणि मी भागीदार. सत्तरच्या दशकात सोलापुरात विजापूर नाक्यावर आमचं पत्र्याचं गॅरेज होतं. तो अक्कलकोटकडचा, चिडला की कानडीत सुटायचा, एरवी अगदी गरीब. मी तापट. आजही आहे. आमच्याकडे लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप होती, चारही चाकांना जोर असलेली. आणली तेव्हा नुसता सांगाडा. दोन वर्षं, दर रविवारी, आम्ही तिच्यामागे लागलो होतो. ती रस्त्यावर आली की दोघांनी तिच्यातून समुद्र बघायला जायचं ठरलं होतं. दोघांनीही तो पाहिला नव्हता. हसू नका. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला इतकं पाणी एका जागी असतं हेच खरं वाटत नाही.

मग मी भावाच्या लग्नाला चार दिवस मंगळवेढ्याला गेलो. परत येतो तर नाक्यावर ही गर्दी! गॅरेजसमोर एक घरच उभं — चाकांवरचं. आत पलंग, शेगडी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. एक जर्मन जोडपं त्यातून देश बघत हिंडत होतं, आता गोव्याला निघालं होतं. आणि त्या घराच्या मागे, लोखंडी दांडीला जोडून, आमची जीप.

"इकली मी," ईरण्णा म्हणाला. "तुला इचारायला पायजे व्हतं, खरं हाय. पर आईच्या डोळ्याचं हाय की रं. तुजा निम्मा वाटा काढून ठिवलाय."

वाटा! मला वाटा नको होता, जीप हवी होती. एका शब्दानं विचारता आलं नसतं? मंगळवेढा काय विलायतेत आहे? दगा दगा म्हणतात तो काय असतो, ते मला त्या दिवशी कळलं. आमची जीप समुद्राला निघाली होती, दुसऱ्याच्या घरामागून फरफटत — आणि मी काय नाक्यावर उभा राहून टाटा करायचा?

त्याच्या आईला दिसेनासं होत चाललंय, हे मला आधीपासून माहीत होतं. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लपवायचा मोह होईल.

जीप अशी लांब ओढून न्यायची तर मागचा शाफ्ट काढावा लागतो — चाकं आणि गिअरबॉक्स जोडणारा लोखंडी दांडा. तो राहिला तर इंजिन बंद असूनही गिअरबॉक्स चाकांबरोबर आतून फिरत राहतो. आमच्या जीपचं तर सील गळत होतं म्हणून गिअरबॉक्सचं तेलही काढून ठेवलेलं, म्हणजे तो कोरडाच फिरून जळणार. ईरण्णानं शाफ्ट काढला, पोत्यात गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवला. त्यानं नेहमीसारखं व्यवस्थित काम केलं होतं.

आमच्या गॅरेजात एक रिवाज होता. काम एकानं करायचं, तपासायचं दुसऱ्यानं, आणि तपासून झालं की स्टिअरिंगला चिंधी बांधायची. चिंधी दिसली की त्या गाडीखाली पुन्हा कुणी वाकत नसे. इतका विश्वास.

तपासणी माझ्याकडे होती.

इथवर सांगणं सोपं होतं. भर दुपारी ईरण्णा त्या जोडप्याला चादरी घ्यायला बाजारात घेऊन गेला. मी जीपखाली शिरलो. पोतं सोडलं, आणि — शाफ्ट परत बसवला. नट आवळले. चांगले आवळले, वाईट काम करतानाही हात शिस्तीनं चालतात, याचं मला अजून नवल वाटतं. पोत्याची घडी घालून फळीवर ठेवली. हात धुतले. चिंधी बांधली. काय होईल हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. गाडी जाईल, पण धड पोचणार नाही — एवढंच मला हवं होतं.

पण तेवढ्यावर भागलं नाही. भीमेच्या पुलाच्या अलीकडे गिअरबॉक्स जळून जाम झाला. मागची चाकं अडकली, जीप आडवी झाली आणि तिनं त्या घराला रस्त्याकडेच्या चारीत ओढलं. बाईचा हात मनगटात मोडला. एक ट्रकवाला निरोप घेऊन आला. आम्ही दोघं तिथे गेलो. ईरण्णा जीपखाली वाकला, आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"बाळू, म्या शाफ्ट काडला व्हता की रं? पोत्यात गुंडाळला व्हता न्हवं?"

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानं मला तिथेच बडवलं असतं, आणि ते बरं झालं असतं.

मी म्हणालो, "काढायचा म्हणाला होतास. गडबडीत राहिला. मीही न बघताच चिंधी बांधली — तू केलंय म्हणून."

बघा, केवढा मनाचा मोठेपणा! थोडा दोष मी स्वतःकडेही घेतला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुजी काय चूक? माज्याच ध्येनातनं गेलं आसंल."

त्याचा स्वतःच्या हातांपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास होता.

त्यानं त्या जोडप्याचे सगळे पैसे परत केले. आईचं ऑपरेशन लांबलं, आणि झालं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानंतर तो प्रत्येक नट तीन-तीनदा बघायला लागला. केलेलं काम उघडून पुन्हा करायचा. गिऱ्हाइकं वैतागली, हसायला लागली. नाक्यावरचा सगळ्यात चांगला मेस्त्री होता तो. दोन वर्षांत त्यानं पाना खाली ठेवला आणि गावाकडं शेतीला गेला. गॅरेज माझं एकट्याचं झालं. पुढे ते चांगलं चाललंही.

मागच्या वर्षी त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, नवा ट्रॅक्टर घेतलाय. अप्पा म्हणत्यात, आदी बाळूकाकांची नजर पडू दे, माजा काय भरवसा न्हाय."

मी गेलो. ट्रॅक्टर पुढून-मागून बघितला, वाकून बघितला. ईरण्णा हात मागे बांधून लांब उभा होता. एकदाही पुढे आला नाही. नंतर ओसरीवर सुनांना, नातवंडांना मला दाखवून म्हणाला, "माज्या हातनं लई मोटी चूक झालती. पर ह्यानं कदी कुटं बोलून दावलं न्हाय. असा माणूस मिळत न्हाय."

सुनेनं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही. त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली.

मी ती खाल्ली.