एकदाच विचारणारं घर

त्या घरात पहिले काही आठवडे मी अर्धपोटी राहिले, आणि त्यात घरच्या माणसांचा काडीचाही दोष नव्हता.

पुण्याहून एक वर्षाच्या एक्स्चेंजवर मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले होते, रसायनशास्त्र शिकायला. तिथं गेल्यावर कळलं, जुनं संशोधन बरंचसं जर्मनमध्ये आहे, तेव्हा जर्मन शिका आणि परीक्षाही द्या. ऐंशीच्या दशकात असले नियम अजून शिल्लक होते. विद्यापीठानं माझी सोय एका म्हाताऱ्या जर्मन जोडप्याकडे केली. दोघं तरुणपणी अमेरिकेत आलेले, एकुलता एक मुलगा दूर कॅलिफोर्नियात. घरात जर्मनच बोलायचं, एवढीच त्यांची अट. मनातल्या मनात मी त्यांना काका-काकू म्हणायचे.

दिवसभर लॅबमध्ये इंग्रजी. संध्याकाळी बसमधून उतरून बर्फातून बूट ओढत घरी यायचं, दार उघडलं की जर्मन. मराठीला दिवसभरात कुठं जागाच नव्हती. कधी कधी मी बाथरूममध्ये नळ सोडून आरशाशी मराठीत बोलायचे. फार काही नाही, "दमले गं बाई" एवढंच.

त्यांचं मुख्य जेवण दुपारी, आणि दुपारी मी लॅबमध्ये. संध्याकाळी टेबलावर काळसर पाव, लोणी, चीज, आंबट काकडी आणि चहा. चहा सोडला तर सगळं थंडगार. काकू पावाची टोपली पुढं करून विचारायच्या, "आणखी?" मी म्हणायचे, "नको, नको." टोपली परत जायची, आणि गेली की गेलीच. आमच्या घरी पहिल्या नकोला कुणी जुमानत नाही. आपण हावरट नाही, हे कळावं म्हणून तो म्हणायचा असतो. मग "असं कसं, अर्धी तरी घे" व्हायला हवं, आपण ताटावर हात आडवा धरायला हवा, आणि पोळी हाताच्या फटीतून ताटात पडायला हवी. इथं मी हात आडवा धरायच्या तयारीत बसलेली, आणि काकू टोपलीवर फडकं टाकून मोकळ्या! फार राग यायचा मला. इतकी कसली कोरडी माणसं, असं वाटायचं.

शेवटी एका संध्याकाळी भुकेपुढं लाज हरली. काकूंनी विचारलं आणि मी हो म्हणाले. त्यांनी दोन जाड तुकडे कापले, भरपूर लोणी लावलं आणि काकांकडे वळून म्हणाल्या, "आज हिला आवडलेला दिसतोय." म्हणजे इतके दिवस त्यांना वाटत होतं की मला त्यांचा पाव आवडतच नाही. दर शनिवारी त्या तो स्वतःच्या हातांनी भाजत.

त्यानंतर घडी बसली. काका माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घेत, मी अडखळले की टेबलावर बोटानं ठोकत. मी तापानं पडले तेव्हा काकूंनी माझ्या पांघरुणात गरम पाण्याची पिशवी सरकवून दिली. तेव्हा तर विचारलंसुद्धा नाही.

वसंतात मला पीएच.डी.साठी पुढं राहायला मिळणार असं ठरलं. पण विद्यापीठानं केलेली सोय एकाच वर्षाची होती. मला त्याच घरात राहायचं होतं. नळ सोडून आरशाला तसं सांगूनही झालं होतं. काकूंना मात्र आपण होऊन कसं म्हणणार? त्यांनीच म्हणावं, म्हणून मी वाट बघत होते.

आणि त्या म्हणाल्या. लोणी लावता लावता, सहज. "पुढंही तुला इथंच राहायचंय का?"

त्या दिवशी प्रयोग पुन्हा फसला होता, डोकं चालत नव्हतं. त्यात आनंद इतका झाला की आईनं शिकवलेलं तेच तोंडातून बाहेर पडलं. "नको, नको. तुम्हाला कशाला त्रास? मी बघीन कुठंतरी." जर्मन अगदी बिनचूक होतं.

काकूंची सुरी थांबली. "बरं," त्या म्हणाल्या. मी पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. काकांनी चहा ओतला. पुढचं वाक्य आलंच नाही.

कॅम्पसवर माझी एक नागपूरची मैत्रीण होती, चौघींत मिळून एका अपार्टमेंटमध्ये राहणारी. तिनं ऐकून कपाळाला हात लावला. "अगं यार, डायरेक्ट सांग ना त्यांना! आय वाँट टू स्टे, बस. तू कशाची वाट बघून राहिली?"

पटत होतं. रोज बसमध्ये वाक्य जुळवायचे, पण दाराशी पोचेपर्यंत त्राण उरायचं नाही. शिवाय मागून मिळालेली जागा मला नको होती. कुणीतरी आग्रह करून ठेवून घ्यावं, अशी माझी हौस होती. परक्या देशात इतकी दमल्यावर तेवढं तरी मिळावं असं वाटत होतं.

अखेर एका शनिवारी काकू पीठ मळत असताना बोलून टाकलं. "मला इथंच राहायचं होतं."

त्यांनी वर पाहिलं. "पण तू नाही म्हणालीस."

"आमच्याकडे आधी नाहीच म्हणतात."

"आणि मग?"

"मग तुम्ही परत विचारायचं."

काकू पिठाच्या हातांनीच खुर्चीत बसल्या. "परत विचारावंसं फार वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "पण नाही म्हणालेल्याला परत विचारायचं म्हणजे बळजबरीच की." खोली दुसऱ्या एका मुलीला द्यायचं त्यांनी विद्यापीठाला कबूल केलं होतं. दिलेला शब्द त्या फिरवणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि मीही तसं सुचवलं नाही.

निघायच्या दिवशी मैत्रीण गाडी घेऊन आली. तिच्याच हॉलमध्ये आता माझी गादी पडणार होती. काकांनी बॅगा डिकीत ठेवल्या. काकू पाव घेऊन दाराशी आल्या. "नेतेस?"

"हो," मी लगेच म्हणाले.

त्या आत गेल्या आणि दुसरा घेऊन आल्या. "हाही ने."

"नको, नको, एक पुरे." या वेळी मला खरंच नको होता.

"असं कसं," काकू म्हणाल्या, आणि माझा आडवा हात बाजूला सारून त्यांनी पाव पिशवीत कोंबला.