दगडाखालचा मुक्काम

परदेशात उतरलेला आपला माणूस सगळ्यात आधी काय बघतो, तर उद्या नाश्त्याला काय आहे ते. हे मी अंदाजाने सांगत नाही. पुण्याच्या एका टूर कंपनीबरोबर आचारी म्हणून मी बरीच वर्षं युरोपात हिंडलो. माझ्या पातेल्याभोवती जेवढी गर्दी व्हायची तेवढी कुठल्या जगप्रसिद्ध मनोऱ्याभोवती आमच्या मंडळींनी केलेली मला आठवत नाही. मनोऱ्याकडे पाठ करायची, दोन बोटं वर करून फोटो काढायचा आणि बसमध्ये चढता चढता विचारायचं, "महाराज, आज साबुदाणा का?" टूरवाल्यांच्या जगात आचाऱ्याला महाराज म्हणतात. नाव विचारायचे कष्ट वाचतात.

स्वित्झर्लंडमध्ये तर गायी बघायला बस थांबवायचे. गायी! माझी आत्या देवणीला दिलेली, तिच्या गोठ्यात काळ्या ठिपक्यांचा पांढरा वळू असा उभा असायचा की वाटेने जाणारा माणूस आपोआप हळू चालायचा. त्याला बघायला या लोकांतलं कुणी कधी गेलं असेल तर शपथ. लातुरात फाटकाशी गाय आली की काठी घेऊन धावणारी बाई इथे कुंपणावर लोंबकळून "किती गोड, किती गोड" करत होती. गाय चरत राहिली. मला त्या गायीचं फार कौतुक वाटलं.

अशा हिणवणाऱ्या सुरात लिहितो आहे खरा, पण या लोकांच्या पोटावरच माझं पोट चालतं, हेही विसरत नाही. माझी शाळा सातवीत सुटली. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव बसलं, त्यात शाळाही बसली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग सुरू झाले, पण तोवर वडिलांनी मला लातूरला एका खानावळीत लावून दिलं होतं. लातुरात तेव्हा क्लासेसचं पीक आलेलं. गल्लीगल्लीत मेस, गल्लीगल्लीत पोरं. डॉक्टर व्हायला आलेली आणि सदा भुकेली. त्यांना वाढता वाढता मी स्वयंपाक शिकलो. पुढे एका पोराला भेटायला त्याची पुण्याची मावशी आली, माझ्या हातचं पिठलं तिने तीनदा मागून घेतलं, आणि निघताना म्हणाली, "आमच्या कंपनीत येता का?" त्याच आमच्या मालकीणबाई. मला बूट कसे बांधायचे इथपासून त्यांनी शिकवलं. पहिल्या विमानप्रवासाला स्वतःच्या नवऱ्याचा स्वेटर दिला. त्यांचं मी कधी विसरणार नाही. तरी प्रत्येक ट्रिपला धास्ती असायचीच, की आता कुणीतरी विचारणार, शिक्षण किती? आणि मग म्हणणार, याला इथवर आणला कुणी?

प्रवासी लोकांविषयी मनात अढी बसली ती मात्र टूर कंपनीत येण्याच्या फार आधी. भूकंपानंतर आमच्याकडे मदत आली तशी माणसंही आली, नुसती बघायला. खरंच. जीपा भरभरून. पुरी-भाजीचे डबे घेऊन यायचे, ढिगाऱ्यांमधून फिरायचे, "अरेरे" म्हणायचे आणि बाभळीच्या सावलीला बसून जेवायचे. एकाने माझ्या वडिलांना आमच्या घराच्या ढिगाऱ्याजवळ जरा डावीकडे सरकून उभं राहायला सांगितलं, फोटो नीट यावा म्हणून. वडील सरकले. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात.

आता किल्ल्याची गोष्ट.

कंपनीने त्या वर्षी इटलीच्या ट्रिपमध्ये नवीन टूम काढली. खऱ्याखुऱ्या किल्ल्यात एक रात्र मुक्काम. डोंगरावर कुण्या सरदाराचा जुना किल्ला, त्याचं हॉटेल केलेलं. ग्रुपमध्ये बहुतेक लातूर-नांदेडकडचे लोक होते; डॉक्टर, त्यांच्या बायका, आणि एका क्लासचे मालक, ज्यांना सगळे नुसतंच "सर" म्हणत. बसमधल्या निम्म्या डॉक्टरांना आपणच घडवलं, असं सरांचं म्हणणं होतं. डॉक्टर लोकही मान डोलवत. किल्ला दिसताच सर म्हणाले, "यापेक्षा आपला उदगीरचा किल्ला मोठा आहे." उदगीरचा किल्ला आतून पाहिलाय का, असं कुणी विचारलं नाही, नाहीतर पंचाईत झाली असती.

ग्रुपमध्ये एक म्हातारी होती. नांदेडच्या एका डॉक्टरची आई, निलंग्याकडची. नऊवारी, त्यावर मुलाने घेऊन दिलेलं गुलाबी जाकीट, पायात पांढरे बूट. सगळ्या ट्रिपमध्ये तिने एकदाही जेवणाला नाव ठेवलं नाही, म्हणून ती माझ्या ध्यानात राहिली. सिमेंटच्या हॉटेलांत ती मुकाट झोपत होती. पण किल्ल्याच्या दारातच तिथली गाइड बाई मोठ्या अभिमानाने काहीतरी सांगू लागली आणि ग्रुपबरोबरच्या आमच्या टूर मॅनेजर पोराने, उत्साहाच्या भरात, त्याचं जसंच्या तसं मराठी केलं. "हा जो बुरूज आहे ना, हा मागे भूकंपात पडला होता, आणि पुन्हा त्याच दगडांनी बांधला आहे!"

सगळ्यांनी "वा!" केलं. फोटो काढले.

म्हातारी खोलीपर्यंत गेली. वर तोंड करून छताकडे बघितलं. भिंतीच्या दगडावर तळहात ठेवून बघितला. मग पिशवी आणि शाल उचलून बाहेर आली आणि अंगणात बाकावर बसली.

"मी हितंच बसते," म्हणाली.

अजून ऊन होतं. हळूहळू सगळा ग्रुप अंगणात गोळा झाला. मुलगा शरमेने लाल झालेला.

"आई, सहाशे वर्षं उभा आहे हा किल्ला."

"आपलं घर बी तुझ्या पणज्याच्या बापानं बांधलेलं होतं. त्ये बी उभंच होतं की."

"हे इटालियन बांधकाम आहे. आपल्यासारखं मातीचं माळवद नाही हे."

"दगुड दगडावानीच पडतो, बाबा. त्याला कुठं माहीत असतं आपून कोणत्या गावचे ते."

"काकू," सर पुढे झाले, वर्गात पोरांना सांगतात त्याच आवाजात, "भूकंपाची शक्यता म्हणजे अगदी नगण्य. शास्त्रीयदृष्ट्या—"

"तवा बी असंच सांगत होते," म्हातारी म्हणाली. "पाटलाच्या पोरानं पेपर वाचून दाखिवला होता."

मुलगा वाकून हळूच म्हणाला, "आई, लोकं बघायलेत."

"बघू दे. बघायलाच आलेत की समदे."

दोघी-तिघी बायका हसल्या. एकीने फोन वर धरला. मी मागच्या शेडच्या दारातून हे बघत होतो. फोडणीचा धूर किल्ल्यात नको म्हणून हॉटेलवाल्यांनी मला जळणाची लाकडं ठेवायची एक पत्र्याची शेड दिली होती. माझा स्टोव्ह तिथेच होता आणि अंथरूणही तिथेच. खरं म्हणजे माझ्यासाठी आत नोकरांच्या मजल्यावर एक खोली होती. सकाळी लवकर पोहे करायचे असतात असं सांगून मी ती घेतली नव्हती. पोह्याला काय लागतं? पण दगडाखाली मी झोपत नाही, हे युरोपात कुणाला सांगायचं आणि कशाला? कंपनी म्हणायची, मग दुसरा बघू.

मॅनेजर पोरगा धावत माझ्याकडे आला. "महाराज, तुमच्याकडच्याच आहेत ना त्या? तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

"काय सांगू?"

"सांगा, मी पण भूकंपातलाच, आणि मी पण आत झोपतो. बस. एवढंच." मग जरा थांबून म्हणाला, "पुढच्या सगळ्या ट्रिपा किल्ल्याच्या आहेत, महाराज. असा तमाशा झाला तर मॅडमना सांगावं लागेल मला."

धमकी नव्हती ती. बिचारा घाबरला होता. मीही घाबरलो. मालकीणबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला. चहा केला, आलं जास्त टाकून, आणि घेऊन गेलो. एक वाक्य बोलायचं होतं. परदेशात वावरताना माणूस दिवसाकाठी त्याहून मोठं खोटं बोलतो. पनीर ताजं आहे म्हणून सांगतो.

"घ्या मावशी."

तिने कप घेतला. "कुठला रं तू?"

मी गाव सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

"घरातलं कोण?" तिने विचारलं. आमच्या पट्ट्यात हा प्रश्न एवढाच विचारतात. पुढचं सांगावं लागत नाही.

"थोरली बहीण."

"माझी सासू. आन धाकटी पोरगी." मग मुलाकडे हनुवटी करून म्हणाली, "ह्यो अंगणात झोपला होता, चुलत्यापाशी, म्हणून."

डॉक्टर दुसरीकडे बघत होता. मॅनेजर माझ्यामागेच उभा होता. मी वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात तिनेच विचारलं.

"आन तू झोपतूस व्हय, आत?"

हो म्हणायला माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. पण ती कशी बघत होती सांगू? खोटं पकडायला नाही. माझी काळजी वाटून. या पोराला आत घातलंय की काय या लोकांनी, असं.

"न्हाई मावशी. मी तिकडं शेडात. पत्र्याखाली."

ती उठलीच. "मग चल की! मघापासून चहा काय पाजायलास?"

"महाराज, तुम्हाला अक्कल आहे का?" डॉक्टर माझ्यावर ओरडला. "माझी आई लाकडाच्या शेडमध्ये झोपणार? इथे येऊन? लोक काय म्हणतील?"

"कामून रं?" म्हातारी वळली. "बारावीला लातुरात तुला घिऊन पत्र्याच्याच खोलीत ऱ्हायले ना मी? घर सोडून, तुझ्या बापाला सोडून? तवा न्हाई सुचलं, लोक काय म्हणतील ते. तवा म्हणायचास, आई, पंख्याचा वारा गरम येतोय."

अंगणात ज्यांनी ज्यांनी आपल्या आईला तशा खोल्यांत ठेवलं होतं त्यांनी किल्ल्याच्या बांधकामाकडे लक्ष दिलं. सरांनी तर खिडक्यांचा अभ्यासच सुरू केला.

गादी डॉक्टरनेच आणली, खांद्यावर टाकून. कुणी हात लावला नाही. फोटो मात्र निघाले. गादी लाकडांशेजारी टाकून तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिच्या गुडघ्यांना गार लागतं," आणि गेला. मी स्टोव्ह तिच्या पायांच्या बाजूला सरकवला. तिने पिशवीतून तांब्या काढून उशाशी ठेवला आणि त्यावर पेला पालथा घातला. जमीन हलली तर पेला आधी वाजतो आणि जाग येते. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. माझ्याही उशाशी तसाच होता. तिने तो बघितला आणि शाल ओढून आडवी झाली. रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. ती घोरत होती आणि मी झोपलो.

ट्रिप संपल्यावर मंडळींनी कंपनीला कळवलं की किल्ल्याचा सगळा मूड गेला, आणि आचाऱ्याने गेस्टला भडकवलं. गेस्ट! जिने सगळ्या ट्रिपमध्ये एक पोळी जास्त मागितली नाही तिला यांनी पहिल्यांदाच गेस्ट म्हटलं असावं, तेही माझी तक्रार करायला.

मालकीणबाईंनी मला बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत. "खोटं बोलायला हवं होतं असं मी म्हणत नाही," म्हणाल्या, "पण आता किल्ल्याच्या ट्रिपांवर तुम्हाला पाठवता येणार नाही. देशातलं बघा जरा." दुसऱ्या कुणी घरी पाठवलं असतं. मी पाया पडलो.

देशातलं म्हणजे हे थीम पार्क. हायवेच्या कडेला, गावापासून दूर, गुजरातकडच्या माळावर. इथे फॅमिली ग्रुप दोन-दोन दिवस राहायला येतात. सकाळी पाण्यात घसरतात, दुपारी वरून खाली पडायच्या पाळण्यात बसून किंचाळतात, संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणतात, "महाराज, काहीतरी साधं द्या, वरण-भात." आख्खा दिवस स्वतःला घाबरवून घ्यायचे पैसे भरणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. एक पाळणा तर नुसता हलतो. खोलीसारखा आहे, आत बसायचं, जमीन हादरते, भिंती थरथरतात, वरून दगड पडल्याचे आवाज येतात. त्याच्यापुढे सगळ्यात मोठी रांग असते. लातूरच्या गाड्या येतात तेव्हाही.

आणि राहायचं हॉटेल? किल्ला. बुरूज, तटबंदी, दगड, सगळं. नोकरांच्या खोल्या बुरजात आहेत. पहिल्या दिवशी सामान टाकलं आणि भिंतीवर बोटांनी वाजवून बघितलं. डालड्याचा रिकामा डबा वाजावा तसा आवाज आला. स्टुलावर चढून छत वाजवलं. तेही तसंच. फायबर. बाहेरून दगडाचा रंग मारलेला, एका कोपऱ्यात पोपडे निघालेले. माणसाने माणसाला फसवायला बांधलेली इतकी भिकार जागा मी दुसरी पाहिली नाही.

भूकंपापासून मी झोपताना दाराला कडी घालत नव्हतो, पळायची वेळ आली तर कडीशी झटापट नको म्हणून. त्या दिवशी घातली.