मुठीतली काळी माती

कॉम्प्युटरवर इमारतीचं डिझाइन करताना खांबांखालची जमीन हलतच नाही, असं आम्ही सगळे धरून चालतो. काम लवकर उरकतं. शेजारच्या टेबलावरचे आमचे जुने इंजिनिअर मात्र, माती किती दबेल ते धरायला, स्क्रीनवरच्या प्रत्येक खांबाखाली स्प्रिंग घालत बसायचे. "जमीन दबती की वो," म्हणायचे. साइटवर गेले, की ओली माती बोटांत वळून बघायचे आणि मऊ लागली, की परत येऊन सगळं गणित नव्यानं मांडायचे.

त्यांची बायको गेली. त्यांच्यात पुरतात. शिरोळच्या मळ्यात माती द्यायला ते पुढं झाले आणि बोटं सवयीनं ती वळू लागली.

"काळी हाय," माझ्याकडं बघत ते म्हणाले, "पावसात दबंल की वो."

मूठ काही उघडेना. शेवटी आम्हीच एकेक बोट सोडवलं.