बिनवासाचा साबण

माझ्या मावशीला कुणी मिठी मारलेली मी पाहिली नाही. कुणी पुढे आलंच तर ती हात आडवा धरायची. "लांबूनच बोल. काय काय फासून आलीस देव जाणे."

मावशी क्रीम आणि साबणाच्या कारखान्यात वास घेण्याच्या कामावर होती. क्रीमची नवी बॅच डब्यांत भरण्याआधी तिचा नमुना झाकणाच्या काचेच्या वाटीतून मावशीसमोर यायचा. शेजारी फ्रिजमधून काढलेला मूळ नमुना असायचा. कागदाच्या पट्टीवर थोडं थोडं घेऊन ती आधी मूळ हुंगायची, मग नवं, आणि "चालेल" किंवा "नाही" एवढंच म्हणायची. ती नाही म्हणाली की चारशे किलो क्रीम टाकीतच अडायचं. टाय लावलेली माणसं दारात उभी राहून विचारायची, "बाई, परत एकदा बघता का?" मावशी परत एकदा बघायची आणि परत नाही म्हणायची.

दोन वासांच्या मध्ये नाक कोरं करावं लागतं. मावशी त्यासाठी डावा हात दुमडून कोपराच्या आतल्या घडीला नाक टेकवायची. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही, म्हणून तिथे नाक गेलं की शून्यावर येतं, असं ती सांगायची. पण त्यासाठी त्या घडीत दुसरं काही असता कामा नये. म्हणून मावशी चौदा वर्षं कारखान्यातून मिळणारा पांढरा, बिनवासाचा साबण वापरत होती. त्यानेच केस धुवायची, त्यानेच कपडे. केसांना तेल नाही, चेहऱ्याला पावडर नाही. हिवाळ्यात टाचा फुटून रक्त आलं की बिनवासाची पेट्रोलियम जेली, तीही रविवारी. तिचे केस झाडूसारखे झाले होते आणि पोटऱ्यांवर नखाने ओढलं की पांढरी रेघ उठायची. शहरभराच्या बायकांची कातडी मऊ करणाऱ्या कारखान्यातली सगळ्यात खरखरीत बाई ती असावी.

ती एकोणिसाव्या वर्षी त्याच कारखान्यात वेष्टनाच्या कामाला लागली होती. आठ तास उभं राहून साबणांना कागद गुंडाळायचा. एकदा तिने मुकादमाला सांगितलं की आजच्या साबणाला रॉकेलचा वास मारतोय. तो हसला. दोन दिवसांनी कळलं की तेलाचं पिंपच बदललेलं होतं. तेव्हा तिला वासाच्या खोलीतली खुर्ची मिळाली. शाळा अर्धवट सुटलेल्या बाईच्या एका शब्दासाठी शिकलेली माणसं थांबून राहतात, अशी तिच्या ओळखीची जगात ती एकच जागा होती. त्या खुर्चीसाठी ती काहीही सोडायला तयार होती, आणि बरंच काही सोडून बसली होती.

कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा घरात तिची सासू, सासूचे दोन मुलगे म्हणजे मावशीचा नवरा, माझे काका, आणि त्यांचा धाकटा भाऊ, आणि धाकट्याची बायको एवढी माणसं होती. काका आणि धाकटा घरातल्या भांडणांतून अंग काढून घेण्यात तरबेज होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मावशीची जाऊ मात्र घर भरून होती. सगळे तिला धाकटीच म्हणत. ती कॅटलॉगवरून क्रीमं विकायची. दर शनिवारी पुढच्या खोलीत सात-आठ बायका जमायच्या, धाकटी त्यांच्या मनगटांवर लोशन चोळायची आणि म्हणायची, "आठ दिवस लावा. नवऱ्याने वळून नाही बघितलं तर डबी परत." एक बाई म्हणाली होती, "नवराच परत केला तर चालेल का?" धाकटीला असल्या गप्पा फार छान जमायच्या. ती सुंदर होती, तिचे तळवेसुद्धा मऊ होते, आणि ती खोलीतून गेली तरी पाच मिनिटं खोलीतच असायची.

न्हाणीघर एकच होतं. त्यात दोन फळ्या. धाकटीच्या फळीवर मी एकदा मोजल्या तर एकोणीस बाटल्या होत्या. मावशीच्या फळीवर झाकणाच्या डबीत एक साबण.

एका शनिवारी आलेल्या बायकांत एक शाळेतल्या बाई होत्या. मावशी पाणी प्यायला बाहेर आली तर त्यांनी डबी पुढे केली. "तुम्ही कारखान्यात असता ना? हे कसं आहे हो?"

मावशीने हुंगलं. "खवट झालंय. दोन-तीन महिने उन्हात राहिलंय कुठेतरी."

एकेकीने आपापल्या हातातली डबी चटईवर ठेवली. शाळेतल्या बाईंनी मनगट पदराला पुसलं.

बायका गेल्यावर धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "वहिनी, एक वाक्य गिळता आलं नाही?"

"तिने विचारलं."

"बाहेरच्याने विचारलं की घरातल्याचं वाटोळं करायचं?"

"खवट होतं ते."

"मग काय झालं? मेली असती ती?"

"पुरळ आलं असतं." मावशीने पातेलं विसळून उपडं ठेवलं. "आणि तुझ्या नावाने बोंबलत आली असती."

"ते मी बघितलं असतं ना. सगळ्या गावाची नाकं तुम्हीच आहात का?"

पुढच्या शनिवारी तीनच बायका आल्या, त्याच्या पुढच्या शनिवारी एक, तीही मागच्या डबीबद्दल विचारायला. मग घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण कुणी आवाज चढवत नव्हतं. धाकटी बोळातून जाताना अत्तराचा फवारा मारत जायची. मावशी आपल्या दाराच्या फटीला ओला पंचा लावायची. धाकटीने मावशीच्या खुंटीवर आपला गाऊन टांगला. मावशीने तो चिमट्याने उचलून अंगणात नेऊन टाकला, मेलेला उंदीर टाकतात तसा. मावशीने बाटल्या फळीच्या एका टोकाला सारल्या, तर दुसऱ्या दिवशी त्यातल्या चार तिच्याच फळीवर. सासूबाई एकदा जेवताना म्हणाल्या, "मला सासूपणा करायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. दोघीच एकमेकींच्या सासवा झालात."

मी कुणाच्याच बाजूची नव्हते, असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे माझ्या कपाळावर तेव्हा फोड उठत होते आणि धाकटीने मला गुपचूप एक छोटी ट्यूब दिली होती. "तुझ्या मावशीला कळू देऊ नकोस. ती तुलाही वाळवंट करून टाकेल." मी ती कॉलेजात गेल्यावर लावायची आणि संध्याकाळी घरी येण्याआधी नळावर तोंड धुवायची. फोड खरंच कमी झाले. आरशात मी स्वतःला आवडायला लागले होते, आणि त्याचं श्रेय धाकटीचं होतं.

मावशी कामाबद्दल बोलायची ती फक्त रात्री जेवताना, आणि माझ्याशी. मी विचारायची म्हणून. एका रात्री मी विचारलं की दिवसभर वासात बसून नाक मरत नाही का.

"जोराच्या वासाने मरत नाही," ती म्हणाली. "फटकन आला की लगेच कळतो. नाक फसतं ते हळूहळू येणाऱ्याला. रोज जरासा, रोज जरासा वाढला, की नाक त्याला घरचा समजतं. मग तो येतच नाही. म्हणून नव्या पोरींना मी सांगते, रोजच्या वासावर विश्वास ठेवू नका." तिने भाताचा घास घेतला. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद असायचा तो इतर कशाने येत नसे.

धाकटी समोर बसून वाढत होती. "अजून भात, वहिनी?" तिने विचारलं.

वर्षातून एकदा कारखाना यंत्रांच्या दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद राहायचा आणि उघडला की पहिल्याच दिवशी वासाच्या खोलीतल्या तिघांची परीक्षा असायची. तीन वाट्या, त्यांतल्या दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कोणती ते सांगायचं. असं दहा वेळा. नऊ बरोबर आले पाहिजेत. नाही आले तर वर्षभर खाली, वेष्टनाला. मावशी चौदा वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

त्या बंद आठवड्यात मावशी पूर्ण वेळ घरात होती. बुधवारी सकाळी मी दात घासायला गेले तेव्हा धाकटी न्हाणीघरातून बाहेर येत होती. अंघोळ झालेली नव्हती, केस कोरडे होते. उजव्या हाताचं पहिलं बोट तिने इतर बोटांपासून वेगळं धरलं होतं आणि ते चमकत होतं. आत मावशीच्या साबणाच्या डबीचं झाकण तिरकं होतं. मी ते नीट बसवलं. गुरुवारी ते पुन्हा तिरकं होतं. मी पुन्हा नीट बसवलं. मावशीला काही बोलले नाही. ट्यूब संपत आली होती आणि धाकटीने दुसरी देते म्हटलं होतं.

परीक्षेच्या दिवशी काय झालं ते मला नंतर मावशीशेजारी बसणाऱ्या मुलीने सांगितलं.

मावशी नेहमीसारखी दहा मिनिटं आधी पोचली. ती आत आल्याबरोबर त्या मुलीने मान वर केली. "ताई, काही लावलंय तुम्ही?"

"मी? शुद्धीत आहेस ना?"

"येतोय, ताई."

मावशीने हात दुमडून कोपराला नाक लावलं. काही नाही. दुसऱ्या हाताला लावलं. तिथेही काही नाही. "तुझंच नाक बिघडलंय," ती म्हणाली. "परीक्षा आहे म्हणून नाटकं करू नकोस."

तेवढ्यात प्रयोगशाळेचे साहेब आले. त्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं असायचं, त्यावर खोलीत विनोद चालायचे. ते दारातच थबकले. "आज कुणी सेंट मारलाय?"

मुलगी म्हणाली की त्या क्षणी मावशीचा चेहरा बघवत नव्हता. सगळ्यांना येणारा वास फक्त तिलाच येत नव्हता. साहेबांनी तिला अर्धा तास बाहेर मोकळ्या हवेत बसून यायला सांगितलं. ती मालाच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. अर्ध्या तासाने तिने कोपर नाकाशी नेलं, बराच वेळ तसंच धरलं, आणि मग आत येऊन म्हणाली, "साहेब, मी आज बसत नाही."

"न बसणं म्हणजे नापास धरतात, बाई. माहीत आहे ना?"

"नियम मीच सांगते सगळ्यांना."

दुपारी ती घरी आली आणि थेट न्हाणीघरात गेली. बाहेर आली ती साबणाची डबी घेऊनच. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती ठेवून तिने धाकटीला हाक मारली. मी तिथेच भाजी निवडत होते.

"बदामाचं दूध आणि खाली गुलाब," मावशी म्हणाली. "जांभळ्या झाकणाचं लोशन. रोज एक बोट?"

"मला काय विचारता? साबण तुमचा."

मावशीने तिचा उजवा हात धरला, बोट सरळ केलं आणि नाकाशी नेलं. धाकटीने हात सोडवायचा प्रयत्न केला, पण चारशे किलोला नाही म्हणणाऱ्या बाईच्या पकडीतून तो सुटला नाही.

"हे बोट," मावशी म्हणाली.

"हो, हेच," धाकटी म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "माझ्या गिऱ्हाइकांदेखत मला खोटं पाडलंत. तीन वर्षं घासून मी त्या बायका जमवल्या होत्या. आता तुम्हालाही कळू दे, लोकांनी आपल्याकडे बघून नाक फिरवलं की कसं वाटतं."

"तुझी डबी खवट होती," मावशी म्हणाली. "माझा साबण चांगला होता."

सासूबाई आतून म्हणाल्या, "पुरे करा आता." कुणी ऐकलं नाही.

"आणि तुला सांगू?" मावशीने तिचा हात सोडला. "नऊ वर्षं एका छताखाली राहतोय. तुझ्या अंगाचा खरा वास कसा आहे, मला माहीत नाही. तुझ्या नवऱ्यालाही नसेल. एवढी कसली भीती आहे तुला त्याची?"

धाकटी आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तिला इतकं खोल काही लागेल असं मला वाटलं नव्हतं, मावशीला बहुधा वाटलं होतं.

मग मावशी माझ्याकडे वळली. "तुझ्या कपाळालाही येतो. दोन महिने झाले. मला वाटलं, वय आहे, राहू दे." "झाकण तू बसवायचीस का गं नीट? ती कधी नीट बसवत नाही."

मी हो म्हटलं. तिने मान हलवली, जणू एखादी बॅच परत पाठवली, आणि साबण कचऱ्यात टाकला.

वर्षभर ती वेष्टनाला उभी राहिली. पंचेचाळिसाव्या वर्षी आठ तास उभं राहून तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा आल्या. ज्या मुलीने वास सांगितला होता ती तिच्या खुर्चीत बसली. मावशी तिला रस्त्यात भेटली की विचारायची, "टाकी क्रमांक तीनचं झाकण अजून गळतंय ना?" आणि उत्तर न ऐकताच पुढे जायची. घरी तिने अंघोळ बंद केली. पहाटे पिशवीत पंचा आणि नवा साबण घालून ती कारखान्यातल्या बायकांच्या न्हाणीघरात जायची, थंड पाण्याने अंघोळ करून कामाला लागायची. साबणाची पिशवी ती उशाखाली ठेवायची. काका म्हणाले, "अगं, आता ती काही करायची नाही." ती म्हणाली, "मी तिच्याबद्दल कुठे बोलले?"

जेवताना ती माझ्याशी बोलायची, भाजीत मीठ आहे की नाही याबद्दल, माझ्या परीक्षेबद्दल, नळाला पाणी कधी येणार याबद्दल. वासाबद्दल तिने मला पुन्हा कधी एक शब्दही सांगितला नाही. मी विचारलंही, दोनदा. दोन्ही वेळा तिने ताटाकडे बघत म्हटलं, "काही नाही गं, गुंडाळते मी कागद."

वेष्टनाच्या मजल्यावर सगळे वास एकत्र होतात. लिंबू, चंदन, लव्हेंडर, वर पुठ्ठ्याचा गोंद. ती संध्याकाळी घरी आली की ते सगळं तिच्या मागून यायचं. चौदा वर्षं जिला कुठलाच वास नव्हता ती बाई वर्षभर बाजारासारखी दरवळत होती. सासूबाई तिला बघून तोंडाला पदर लावायच्या.

पुढच्या वर्षी कारखाना पुन्हा आठवडाभर बंद झाला. तो आठवडा मावशी तिच्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या घरी जाऊन राहिली. परीक्षेच्या दिवशी ती तिथूनच पहाटेच्या गाडीने कामाला गेली. परीक्षेचं तिने आम्हाला काही सांगितलंही नव्हतं.

संध्याकाळी दार धाकटीने उघडलं. मावशी आत आली, चपला काढल्या, तिच्या बाजूने निघून आत गेली. धाकटी दारातच उभी राहिली. मग तिने मान जरा पुढे केली आणि श्वास घेतला, आणि परत एकदा घेतला. लिंबू नाही, चंदन नाही, गोंद नाही.

"खुर्ची मिळाली वाटतं," ती म्हणाली, मला की स्वतःला कोण जाणे.

आतून मावशीच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दाराच्या फटीतून ओल्या पंच्याचं टोक बाहेर सरकलं.